कॅप्टनच्या झोपेचा मालक

"जगातली मोठमोठी साम्राज्यं तलवारीने बुडाली नाहीत, मावशी! ती बुडाली, कारण कुणाला काय करायची परवानगी आहे, हे कुणी नीट लिहूनच ठेवलं नव्हतं."

परवानगीरावांनी हे वाक्य खुर्चीतून उठून, हात पाठीमागे बांधून आणि खिडकीबाहेर दूरवर नजर लावून उच्चारलं. दूरवर असं काही नव्हतं. चार हातांवर दोरी होती आणि दोरीवर वृद्धनिवासाच्या चादरी वाळत होत्या. पण असलं काही बोलताना नजर लावायची ती दूरवरच, असा त्यांचा शिरस्ता होता.

"बुडाली तर बुडाली," स्वयंपाकघरातल्या मावशी म्हणाल्या. त्यांच्या एका हातात डाव होता, दुसऱ्या हातात टॅब्लेट. "सहा नंबरने अर्धं सूप टाकलंय. 'अर्धं' कुठे दाबायचं तेवढं सांगा. माझं दूध गॅसवर आहे."

परवानगीराव साम्राज्यांवरून खाली उतरले आणि त्यांनी बोट दाखवलं. मावशींनी दाबलं. त्याच क्षणी तीनशे किलोमीटरवरच्या एका शहरात, सहा नंबरच्या खोलीतल्या आजोबांच्या मुलीच्या फोनवर टुंग करून अक्षरं उमटली : 'जेवण : अर्धं.' आणि त्याच क्षणी इकडे दूध उतू गेलं. ते मात्र कुणाला कळवलं गेलं नाही. दुधासाठी विषय उघडलेला नव्हता.

परवानगीराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव हजेरीपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. ते मूळचे ऑफिसातले कारकून. पत्रं टाइप करणं, फायलींना दोरे बांधणं आणि पंख्याचा वेग किती असावा यावर अकाउंटंटशी भांडणं, या तीन कामांत त्यांची बावीस वर्षं सुखाने गेली होती. मग संस्थेने निरोपसेवा घेतली. बासष्ट आजी-आजोबांच्या नातेवाइकांना रोजची खबर आपोआप फोनवर पोचवणारी ही सेवा क्लाउडवर चालते, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. तीन दिवसांचं ते प्रशिक्षण परवानगीरावांनी एकही जांभई न देता पूर्ण केलं. संस्थेत असा दुसरा कुणी नसल्यामुळे सेवा त्यांच्या गळ्यात पडली.

"क्लाउड म्हणजे काय हो?" असं चार नंबरच्या आजींनी विचारलं होतं.

"म्हणजे आपली माहिती दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर असते, आजी."

"मग त्या दुसऱ्याला विचारलंत का? त्याला चालणार आहे का?"

या प्रश्नाचं उत्तर प्रशिक्षणात नव्हतं.

सुरुवातीला सगळा मामला मोकळाढाकळा होता. सगळ्या संस्थेला मिळून एकच पासवर्ड, आणि तो कुणी विसरू नये म्हणून फ्रिजच्या दारावर चिकटवलेला. एके दिवशी मावशींनी भाजीवाल्याला पाठवायचा निरोप चुकून बासष्टच्या बासष्ट नातेवाइकांना पाठवला : 'उद्या सकाळी बटाटे वीस किलो, गाजरं पाच किलो. मऊ पडलेली चालणार नाहीत. मागच्या वेळसारखं करू नका.' घबराट उडाली. कुणाला वाटलं संस्थेत उपासमार चाललीय, कुणाला वाटलं मागच्या वेळी आपण काय केलं. सात जण खरोखरच बटाटे घेऊन हजर झाले. एक बाई आईला तीन वर्षं भेटल्या नव्हत्या. त्या गाजरं घेऊन आल्या आणि संध्याकाळपर्यंत थांबल्या. आजी-आजोबांच्या मते संस्थेच्या इतिहासातला तो सर्वांत आनंदाचा दिवस होता. संचालिकाबाईंच्या मते तो प्रशासकीय कलंक होता.

"ज्याला जेवढी लागेल तेवढीच परवानगी," बाई म्हणाल्या. "कणभर जास्त नाही. कुणालाही."

त्या 'कणभर'ने परवानगीरावांच्या आयुष्याला दिशा मिळाली. त्यांनी तक्ता आखायला घेतला. उभे रकाने अकरा : जेवण, औषध, झोप, फिरणं, व्यायाम, अंघोळ, भेटी, पत्रं, तब्येत, पडणं आणि मूड. आडव्या ओळी एकोणीस : संस्थेत काम करणारा एकेक माणूस. चौकटी झाल्या दोनशे नऊ, आणि प्रत्येक चौकटीत चारांपैकी एक शब्द : लिहील, वाचेल, दुरुस्त करेल, काही नाही. या दोनशे नऊ शब्दांना त्यांना तीन आठवडे लागले. बाहेरच्या नातेवाइकांचा तक्ता वेगळा. त्यांना लिहायचं काहीच नव्हतं, वाचायचं सगळं.

मावशी 'जेवण' लिहितील. पण 'औषध' वाचणार नाहीत, कारण वाचलं की त्या बदलून सांगतात. माळीबुवा 'फिरणं' लिहितील, कारण बागेत कोण किती फेऱ्या मारतो ते त्यांनाच दिसतं. रात्रीचा पहारेकरी 'झोप' लिहील की नाही यावर बराच खल झाला आणि शेवटी ती सिस्टरकडे गेली, कारण पहारेकऱ्याला झोपेतलं फार कळतं, अशी शंका होती.

सगळ्यात अडलं ते 'मूड'वर. सिस्टर म्हणाल्या, "माझ्याकडे थर्मामीटर आहे. तो मूडला लागत नाही." संचालिकाबाई स्वतः लिहायला तयार होत्या; पण त्या खोलीत शिरल्या की मूड बदलायचा. मग परवानगीरावांनी अभ्यास केला. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाशी निवांत, समोर बसून, त्याचं डोकं हातात धरून कोण बोलतं? न्हावीदादा! 'मूड' लिहायची परवानगी न्हावीदादांना मिळाली. न्हावीदादा पंधरा दिवसांतून एकदा येत. त्यामुळे एकदा लिहिलेला मूड पंधरा दिवस टिकायचा, आणि ज्यांना टक्कल होतं त्यांचा मूड सेवा सुरू झाल्यापासून लिहिलेलाच नव्हता.

एवढी एक बारीक सुरकुती सोडली, तर तक्ता इस्त्री केल्यासारखा झाला होता. परवानगीरावांनी तो छापून, काच लावून टेबलासमोरच्या भिंतीवर टांगला. बायकोचा फोटो थोडा डावीकडे सरकवावा लागला.

त्या सूप अर्धं टाकलेल्या दुपारी सहा नंबरचे कॅप्टन ऑफिसात आले आणि तक्त्यासमोर उभे राहिले.

कॅप्टन आयुष्यात कधी जहाजावर चढले नव्हते. नदीच्या या तीरावरून त्या तीरावर जाणाऱ्या बोटीवर त्यांनी अडतीस वर्षं तिकिटं फाडली. पण टोपी कॅप्टनसारखी होती आणि आवाजही. आणि खऱ्या कॅप्टनला कुणी कधी पाहिलं नव्हतं, कारण तो आत असायचा. निवृत्तीनंतर टोपी त्यांच्याबरोबर आली आणि हुद्दाही टोपीबरोबर आला.

"परवानगीराव, एक काम होतं," कॅप्टन म्हणाले. "माझ्या पोरीचं वाचणं बंद करा."

"म्हणजे?"

"तुमच्या त्या यंत्रावर ती माझं जे काय वाचते ना, ते. बंद करा."

परवानगीरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पण का? ताई किती काळजी घेतात तुमची! अकराच्या अकरा विषय रोज उघडून बघतात. मला इथे दिसतं."

"तेच सांगतोय." कॅप्टन खुर्चीत बसले. "आधी ती रोज सहाला फोन करायची. 'बाबा, कसे आहात?' एवढं विचारायची. बास. त्यावर मी तासभर चालायचो. काय जेवलो, कुणाशी भांडलो, माळीबुवांनी कुठलं रोप कसं मारलं. त्यात थोडं माझ्या पदरचंही असायचं. ती हसायची, मग तिचं सांगायची. आता काय होतं, ऐका. फोन लागतो. 'बाबा, सूप अर्धं टाकलंत. झोप पाच तास चाळीस मिनिटं. व्यायाम चुकवलात. बरं, काळजी घ्या, ठेवते.' संपलं! मी 'हॅलो' म्हणतो त्यालाच उशीर झालेला असतो. आणि गेले नऊ दिवस तर तेही नाही. अंगठा येतो."

"अंगठा?"

"बाहेरच्या भिंतीवर तुम्ही तो पडदा लावलाय ना, त्याच्यावर माझ्या नावापुढे. निरोप वाचल्याची खूण म्हणून. आमच्या काळी ज्याला लिहिता यायचं नाही तो अंगठा द्यायचा हो. माझी पोर चांगली शिकलेली आहे."

परवानगीरावांना हसू आलं होतं, पण कॅप्टन हसत नव्हते. त्यांनी हसू परत ठेवून दिलं.

"कॅप्टन, नियम असा आहे, की नातेवाइकाची परवानगी काढायची तर नातेवाइकाचाच लेखी अर्ज लागतो."

"म्हणजे तिनेच म्हणायचं, की मला बाबांचं काही कळवू नका? कुठली पोर असं लिहून देईल?"

"कुणीच देत नाही. म्हणून तर यंत्रणा इतकी सुरळीत चाललीय."

"मग माझा अर्ज घ्या."

"तुमच्या अर्जाला..." परवानगीराव उठून तक्त्याजवळ गेले. त्यांचं बोट ओळींवरून खाली उतरू लागलं. "संचालिकाबाई, सिस्टर, मावशी, माळीबुवा, न्हावीदादा..."

"पाव टाकणारा पण आहे की!"

"तो 'भेटी' वाचतो. पाहुणे किती, त्यावरून पाव ठरतात." बोट एकोणिसाव्या ओळीखाली चौकटीच्या लाकडाला टेकलं. "तुमची ओळ नाहीये, कॅप्टन."

"का बरं?"

परवानगीरावांनी थोडा विचार केला. प्रामाणिक माणूस, जे खरं होतं तेच सांगितलं. "ही सगळी यंत्रणा वापरणारी माणसं आहेत. तुम्ही वापरणारे नाही. तुम्ही विषय आहात."



"बरं," कॅप्टन तक्त्याकडे बघत म्हणाले. "मोठा की लहान?"

"काय?"

"विषय हो."

"तसे अकरा पोटविषय आहेत."

"मग मोठाच म्हणायचा," कॅप्टन म्हणाले आणि टोपी नीट करून निघून गेले.

घरी जेवताना परवानगीरावांनी हा किस्सा बायकोला गंमत म्हणून सांगितला. 'मोठा की लहान'शी आले तेव्हा ते स्वतः इतके हसले, की पाणी प्यावं लागलं. बायको हसली नाही. तिने वाढायचं थांबवलं.

"अहो, मग त्यांच्या झोपेवर हक्क कुणाचा?"

"सिस्टर लिहितात, मुलगी वाचते."

"ते लिहिणं-वाचणं झालं. मालक कोण?"

"अगं, झोपेला मालक नसतो!"

"तुमच्या त्या यंत्रात सगळ्याला असतो म्हणता ना? ऑफिसातल्या पंख्याला सुद्धा आहे म्हणे. बघा एकदा," बायको म्हणाली. "आणि भात घेता का, की त्यालाही अर्ज लागतो?"

परवानगीरावांनी भात घेतला; पण तो 'अर्धा'च गेला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या आल्या त्यांनी कॅप्टनची माहिती उघडली. खालच्या पानावर, जिथे सहसा कुणी जात नाही, तिथे खरंच एक रकाना होता : 'मालक'. मग त्यांना हळूहळू आठवलं. सेवा सुरू करताना हा रकाना रिकामा सोडून पुढेच जाता येत नव्हतं. लाल अक्षरांत 'हे भरणे आवश्यक आहे' असं सारखं येत होतं. दुपारी जेवायची वेळ झाली होती. तेव्हा त्यांनी स्वतःचं नाव टाकून 'सर्वांना लागू करा' यावर टिचकी मारली होती आणि डबा उघडला होता.

'सहा नंबर – झोप. मालक :' आणि पुढे त्यांचं हजेरीपत्रकावरचं संपूर्ण नाव.

त्यांनी चार नंबरच्या आजींचं पान उघडलं. 'मूड'चे मालक तेच. नऊ नंबरच्या अंघोळीचे मालक तेच. चौदा नंबरला येणाऱ्या पत्रांचे मालक तेच. बासष्ट माणसं, अकरा विषय. सहाशे ब्याऐंशी मालमत्ता. आणि मालकाला काय करता येतं? सगळं. लिहिता येतं, वाचता येतं, कुणाला दाखवावं, कुणाला नाही, हे ठरवता येतं. ज्या माणसाला स्वतःची दुपारची डुलकी बायकोला विचारल्याशिवाय काढता येत नव्हती, तो बासष्ट जणांच्या झोपेचा धनी होऊन बसला होता, आणि तेही डबा गार होऊ नये म्हणून.

भिंतीवरचा तक्ता त्यांच्याकडे बघत होता. कणभर जास्त नाही, कुणालाही. अख्ख्या संस्थेत गरजेपेक्षा जास्त परवानगी फक्त एका माणसाकडे होती, आणि त्याची चौकट तक्त्यात नव्हती, कारण तक्ता त्यानेच आखला होता.

दोन दिवस परवानगीराव कुणाशी बोलले नाहीत. पंख्यावरून अकाउंटंटने मुद्दाम कुरापत काढली, तरी ते "ठेवा तुम्हाला हवा तेवढा" म्हणाले. अकाउंटंट घाबरला आणि त्याने पंखाच बंद केला.

मालकी बदलायची, तर एक टिचकीचं काम. पण नातेवाइकाच्या अर्जाशिवाय काही बदलायचं नाही, हा बाईंचा लेखी हुकूम. आणि बावीस वर्षांत परवानगीरावांनी लेखी हुकूम मोडला नव्हता. तोंडी सुद्धा ते लिहून घेऊन मगच पाळायचे. त्यात पोरीचं चुकत होतं, असंही नाही. बापाची खबर ठेवणारी मुलगी. तिच्याकडून ती काढून घ्यायची? उद्या म्हातारा पडला आणि तिला कळलंच नाही, तर? पण मग तो नऊ दिवसांचा अंगठा डोळ्यांपुढे यायचा. शेवटी तिसऱ्या दिवशी, चहाच्या सुमाराला, ते टॅब्लेट घेऊन सहा नंबरच्या खोलीत गेले आणि दार आतून लोटून घेतलं.

"कॅप्टन, तुमची ओळ करतोय. आधी एक पासवर्ड सांगा. आठ अक्षरं हवीत, एक आकडा हवा आणि कुणाला कळता कामा नये."

"काय म्हणालात?"

"पासवर्ड! गुप्त हवा!"

"मोठ्याने बोला हो, या कानाने ऐकू येत नाही."

"गुप्त!" परवानगीराव ओरडले.

"हां, गुप्त! मग असं करा," असं म्हणून कॅप्टननी बोटीवरच्या आवाजात जो पासवर्ड सांगितला, तो शेजारच्या चार खोल्यांत आणि बागेत माळीबुवांना ऐकू गेला. दुसरा ठेवावा लागला. तो कागदावर लिहून.

मग परवानगीरावांनी अकराही विषयांवर टिचकी मारली आणि टॅब्लेट त्यांच्यापुढे धरला. 'झोप. मालक : कॅप्टन.' म्हाताऱ्याने ते एकदा वाचलं. चष्मा वर करून परत वाचलं.

"आता तुम्ही ठरवायचं," परवानगीराव म्हणाले. "मी तुम्हाला फक्त दोन गोष्टींबद्दल सांगेन."

"औषध आणि पडणं," कॅप्टन म्हणाले. "ते राहू द्या तिच्याकडे. मी हट्टी आहे, मूर्ख नाही. तब्येत पण राहू द्या. पुढचं बोला."

जेवण काढलं. फिरणं काढलं. अंघोळ तर फारच लगबगीने काढली, "हे तिला रोज जात होतं?" असं विचारून ते क्षणभर भिंतीकडे तोंड करून बसले. झोपेवर मात्र बोट थबकलं.

"पाच तास चाळीस मिनिटं," ते म्हणाले. "बरोबर असतं हो ते, खोटं नसतं. पण उरलेला वेळ मी जागा राहून काय करत होतो, ते तुमच्या यंत्राला कुठे कळतं? ते तिला मी सांगेन. विचारलं तर."

आणि त्यांनी दाबलं. यंत्राने विचारलं, 'तुम्हाला खात्री आहे का?' कॅप्टननी त्यावर बराच विचार केला. अडतीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणाले.

पावणेसहाला ऑफिसातला फोन वाजला. कॅप्टनची मुलगी.

"बाबांना काय झालंय?" तिने विचारलं. "मला 'तुमची परवानगी काढून घेण्यात आली आहे' असं आलंय. आठ विषय गेलेत! काय झालंय त्यांना?"

"काही झालेलं नाही, ताई. ठणठणीत आहेत."

"मग दिसत का नाही? ते जेवले का? तुम्हीच बघता ना ते सगळं? बघून सांगा मला."

परवानगीरावांनी सवयीने कॅप्टनचं पान उघडलं. पडद्यावर आलं : 'हे पाहण्याची तुम्हाला परवानगी नाही.' हे वाक्य त्यांनी स्वतः रचलं होतं. सभ्य, स्पष्ट, पाच शब्दांचं. आजवर त्यांनी ते कित्येकांना दाखवलं होतं. वाचायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. वाक्य जरा कोरडंच झालं होतं, असं त्यांना वाटलं.

"मला दिसत नाही, ताई."

"मग कुणाला दिसतं?"

"त्यांना."

 

"मी रोज बघत होते हो," ती हळू आवाजात म्हणाली. "ऑफिसात, जिन्यात, सगळीकडे. बघितलं की वाटायचं, झालं, बाबांशी बोलणं झालं. आता काय विचारू त्यांना?"

"यंत्र यायच्या आधी काय विचारायचात?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. परवानगीराव हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मिनिट गेलं, दोन गेली. नोकरी गेली तर बायकोला काय सांगायचं, याची त्यांनी मनातल्या मनात दोन वाक्यं तयार केली. दुसरं पहिल्यापेक्षा वाईट होतं. मग बाहेरच्या व्हरांड्यात फोन वाजला. कुणीतरी "सहा नंबर!" अशी हाक मारली आणि चपला ओढत ओढत निघाल्या.

"हॅलो... हो, मीच... जेवलो ना! सूप दोनदा घेतलं." परवानगीरावांनी डोळे मिटले. धादांत खोटं. "मावशी सांगत होत्या, सहा नंबर, आता पातेलं तरी ठेवा... हॅ हॅ... झोप?"

इथे आवाज खाली आला.

"झोप नाही गं लागत. तुझी आई भिंतीच्या बाजूला झोपायची ना. अजून हात तिकडे जातो. मग भिंत लागते, आणि जाग येते."

परवानगीराव उठले आणि त्यांनी ऑफिसचं दार लावून घेतलं. वाचायची परवानगी नव्हती. तेव्हा ऐकायचीही नसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी संचालिकाबाई दोन मजले उतरून स्वतः आल्या. त्यांना धाप लागली होती आणि हातात कागद होता.

"तुम्हाला तीनदा निरोप पाठवला. जात नाही."

"तुम्हाला ती परवानगी नाही, मॅडम."

"मी संचालिका आहे!"

"म्हणूनच लागली नाही. तुम्ही वरून हाक मारलीत तरी मला खाली ऐकू येतं. ज्याला जेवढी लागेल तेवढीच, असं आपलं ठरलं होतं."

बाईंनी कागद टेबलावर ठेवला. मेमो होता. नातेवाइकाच्या अर्जाशिवाय बदल का केला, याचा खुलासा तीन दिवसांत द्यावा. "आणि हे काय चाललंय?" त्या म्हणाल्या. "चार नंबरच्या आजी म्हणतात, मलाही मालक करा. कशाचं, विचारलं तर म्हणतात, आधी करा, मग बघते. सकाळपासून नऊ जण येऊन गेलेत. उद्या सगळेच आपापलं काढून घेतील, मग नातेवाइकांना आपण कळवायचं काय?"

"त्यांना विचारा, असं," परवानगीराव म्हणाले.

  बाईंनी मेमोवर बोट आपटलं आणि त्या जिन्याकडे वळल्या. खुलासा परवानगीरावांनी त्याच दिवशी लिहिला. पहिला मसुदा चार पानी झाला. त्यात प्रशासन, जबाबदारी आणि मानवी प्रतिष्ठा असे तीन उपविभाग होते. मग त्यांनी ती पानं फाडली आणि एकच ओळ टाइप केली : 'सदर मालमत्ता माझ्याकडे चुकून आली होती, मूळ मालकास परत केली आहे.' सही केली. त्यावर काय निर्णय होईल हे अजून कळलेलं नाही. बाईंकडे फाईल आहे.

त्यानंतर बरोबर एक आठवड्याने, दुपारी, कॅप्टन ऑफिसात आले. टोपी ब्रश केलेली, शर्टाचं वरचं बटण लावलेलं आणि हातात घडी घातलेला कागद. परवानगीराव नकळत उठून उभे राहिले. खुर्ची पुढे केली. आभार मानायला आलेल्या माणसापुढे चेहरा कसा ठेवायचा, हे त्यांना नीट माहीत नव्हतं. त्यांनी साधारण नम्र ठेवला.

"रोज फोन येतो," कॅप्टन म्हणाले. "पाऊण पाऊण तास चालतो. परवा मी तिला म्हटलं, मला झोप लागत नाही, तर म्हणाली, बाबा, मलाही लागत नाही. वर्ष झालं म्हणे. नोकरीचं काहीतरी चाललंय तिच्या. एका वर्षात मला कुणी कळवलं नव्हतं हो. माझं सगळं तिला जात होतं. तिचं माझ्याकडे काहीच येत नव्हतं."

 एवढ्या मोठ्या गोष्टीचं एवढंसं टोक आपल्या हातात होतं, या विचाराने परवानगीरावांना क्षणभर उंच झाल्यासारखं वाटलं. माणसाचं स्वतःच्या सुखदुःखावरचं स्वामित्व, यावर त्यांच्या मनात एक वाक्य आकार घेऊ लागलं. खिडकीबाहेर बघायला त्यांनी मान वळवलीही होती.

"तर त्याबद्दलच अर्ज आणलाय," कॅप्टननी कागद उलगडून टेबलावर सारखा केला. "तो व्हरांड्यातला फोन आहे ना, भिंतीवरचा, त्याची तार फार आखूड आहे. उभं राहूनच बोलावं लागतं. पाऊण तासाने पोटऱ्या भरून येतात. तिथे एक खुर्ची ठेवता येईल का? हातांची असली, तर बरं."